टिकलीमागचा आवाज

"थोरातबाई, तुमच्या वर्गात रेडा शिरलाय का?"

बिराजदार सर दारात उभे होते. शेजारच्या नववी 'ब'ला ते गणित शिकवतात, आणि माझा संगीताचा तास सुरू झाला की त्यांच्या पोरांची समीकरणं सुटायची थांबतात असं त्यांचं म्हणणं. मी कानांवरचा हेडफोन काढला तेव्हा मलाही तो रेडा ऐकू आला. एक नव्हे, अख्खा कळप होता. पोरं डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून, अगदी तल्लीन होऊन समूहगीत म्हणत होती आणि खोलीत नुसतं हंबरणं चाललं होतं. मी हेडफोन परत लावला. सगळं सुरेल झालं, एका पट्टीत, स्वच्छ.

"तुम्हीपण एक हेडफोन घ्या की सर," मी म्हणाले.

"नको. आमच्या घरी मी आणि बायको दोघंही बेसूर, सवय आहे मला. पण दार तरी लावत जा."

मी दार लावलं. मला हसू आलं नाही आणि रागही आला नाही. विश्वजित गेल्यापासून तसं मला फारसं काही येतच नव्हतं. विश्वजित म्हणजे माझा नवरा, गुरांचा डॉक्टर. तीन वर्षांपूर्वी कऱ्हाडच्या बाजारात एका म्हशीला इंजेक्शन देता देता खाली बसला तो उठलाच नाही. त्या दिवसापासून मी जेवते, शाळेत जाते, सूर लावते. लोक म्हणतात, बाई किती खंबीर आहे. लोकांचं काय जातं म्हणायला.

टिकली म्हणजे काय ते इथे सांगायला हवं, नाहीतर रेड्यांचा उलगडा व्हायचा नाही.

अकरा ते सोळा या वयात मेंदू दिवाळीआधी माळा आवरावा तसा आतल्या जोडण्या आवरायला काढतो. वापरात असतं ते ठेवतो, बाकीचं काढून टाकतो. या वयात मुलं रोज एकत्र गायली, तर ऐकणं, बोलणं, लक्ष देणं आणि राग आवरणं यांच्या जोडण्या पक्क्या होतात, हे बऱ्याच वर्षांच्या अभ्यासानंतर सगळ्यांना पटलं आणि संगीत सक्तीचं झालं. तोवर परीक्षा जवळ आली की आमचे तास गणिताला जायचे. आता गणिताचे तास आमच्याकडे येऊ लागले. बिराजदार सरांचं खरं दुखणं ते आहे.

अडचण एकच होती. ज्या वयात गाण्याचा उपयोग सगळ्यात जास्त, नेमक्या त्याच वयात पोरं तोंड उघडत नाहीत. आवाज फुटलेला असतो, आणि चारचौघांत सूर चुकला की मेल्याहून मेल्यासारखं होतं. पूर्वी अशा पोरांना संगीताच्या बाई मागच्या रांगेत उभं करायच्या आणि कानात सांगायच्या, नुसतं तोंड हलव. पुष्कळ माणसं म्हातारी झाली तरी नुसतं तोंडच हलवत राहिली.

यावर तोडगा म्हणून टिकली आली. नाव काहीतरी लांबलचक आहे, पण मुलं टिकलीच म्हणतात. कानामागच्या हाडावर ती चिकटवायची आणि कानात तांदळाएवढा मणी घालायचा. आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो. एक हवेतून कानात, दुसरी कवटीच्या हाडांतून थेट आत. टिकली दोन्ही वाटा अडवते. आपल्या आवाजाच्या लाटेवर बरोबर तिच्या उलटी लाट सोडून ती तो आवाज पुसते आणि त्याच्या जागी सुरात बसवलेला आवाज कानाला देते. हे इतक्या झटकन होतं की मेंदूला पत्ताही लागत नाही. तासाला सगळ्यांच्या टिकल्या एकमेकींना जोडतात, की प्रत्येकाला, आणि हेडफोनमधून मलाही, सगळा वर्ग सुरेल ऐकू येतो. मग लाजायचं कशाला? पोरं मोकळ्या गळ्याने गाऊ लागली. शाळेतल्या मारामाऱ्या कमी झाल्या, मुलं वाचायला बसू लागली. टिकलीचा फायदा झाला हे मी नाकारणार नाही.

पण त्यात एक मेख होती. टिकलीत मुलाचा पाचवीतला आवाज नमुना म्हणून भरतात, आणि ती गाण्यालाच नव्हे, बोलण्यालाही लागू असते. दर सहामाहीला संगीतशिक्षकाने तो नमुना जरा जरा खाली उतरवायचा, म्हणजे फुटणाऱ्या आवाजाशी कानाची हळूहळू ओळख होईल, असं कंपनीने लिहून दिलं होतं. ते कुणी केलं नाही. कारण जानेवारीतली जिल्हा समूहगीत स्पर्धा. तिथे परीक्षकांना सगळ्या टिकल्यांचा एकत्र आवाज ऐकवतात. मुलग्यांचे आवाज खाली उतरवले की गाणं दोन सप्तकांत फाटतं आणि एकजीवपणाचे गुण जातात. तेव्हा ढालीसाठी आम्ही झाडून सगळ्यांनी पोरांना काळी चारवर टांगून ठेवलं. हार्मोनियमवरची काळी चार ही बायकांची आणि लहान मुलांची उंच पट्टी. बाप्ये काळी एकला गातात.

त्यामुळे नववीतली गंमत अशी होती. प्रत्येक मुलाला दुसऱ्याचा आवाज फुटलेला ऐकू यायचा आणि स्वतःचा मात्र अकरा वर्षांचाच. "तुझा फुटला!" "गप रे, तुझाच फुटलाय!" असं दिवसभर चालायचं आणि सगळ्यांना वाटायचं, समोरचा उगाच चिडवतोय. रेकॉर्डिंग ऐकवलं तर म्हणायचे, रेकॉर्डिंगमधला आवाज सगळ्यांनाच परका वाटतो. तेही खरंच होतं.

त्या मुलांत माझाही एक होता. निषाद, म्हणजे सात सुरांतला 'नी'. संगीतशिक्षिकेचा मुलगा म्हणून हौसेने नाव ठेवलं, पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. लहानपणी त्याला साधा 'सा' लागायचा नाही. टिकली लागल्यावर पठ्ठ्या दिवसभर गुणगुणायला लागला. घरीही ती काढायचा नाही. म्हणायचा, काढली की घसा बसल्यासारखा वाटतो.

दसऱ्याला शैलावन्सं आल्या. विश्वजितची धाकटी बहीण, इस्लामपूरला असतात. त्यांना यायला वर्षभर जमलं नव्हतं. जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या आणि आतून निषाद ओरडला, "आई, दार उघडंय, कोण आहे बघ!"

चपला थांबल्या. मी जाऊन बघते तर वन्सं पायरीवर बसलेल्या, हातातली आपट्याची पानं खाली पडलेली.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "दादा बोलला गं."

"निषाद बोलला."

"मला कळत नाही का? दादाचा आवाज आहे तो. अगदी तस्साच. शेवट ओढायचा तसा." आणि त्या रडायला लागल्या.

मी त्यांना उठवलं, आत आणलं, चहा ठेवला. निषाद बाहेर आला आणि भांबावून बघू लागला. "आत्या, काय झालं?"

त्या त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "सोन्या, तुझा आवाज अगदी बाबांसारखा झालाय रे."

तो हसला. "काहीतरीच काय आत्या! माझा तर अजून फुटलासुद्धा नाही."

विश्वजितच्या आवाजात तो हे म्हणाला. वन्संनी माझ्याकडे बघितलं. मी साखर किती घालू ते विचारलं.

मला हे गेलं वर्षभर माहीत होतं. संध्याकाळी हेडफोन पर्समध्ये टाकून मी घरी यायचे आणि स्वयंपाकघरात उभी राहून बाहेरच्या खोलीत बसलेल्या निषादला काहीबाही विचारायचे. गॅसवाला आला होता का? पंखा बंद केलास का? उत्तराशी मला काही देणंघेणं नव्हतं. भिंतीपलीकडून तो आवाज यायचा आणि मी पोळी उलटायचे. आनंद व्हायचा असंही नाही, पण तेवढं एक घरात शिल्लक होतं आणि ते मला हवं होतं.

दिवाळीनंतर डॉ. फरहाना मुजावर शाळेत आल्या. कान-घशाच्या डॉक्टर, मुलांची तपासणी करायला दरवर्षी येतात. या वेळी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"बाई, बारावी झालेली मुलं माझ्याकडे येतायत," त्या म्हणाल्या. "शाळा संपली, टिकली काढली आणि बोलणंच बंद. घशात काही दोष नाही. मी लिहून विचारते, का बोलत नाहीस? तर लिहितात, मी तोंड उघडलं की दुसरंच कुणीतरी बोलतं."

"सवय होईल की."

"वय गेल्यावर नाही होत. आपण बोलायच्या आधी मेंदू कानाला निरोप धाडतो, आता येतोय तो माझाच आवाज, त्याकडे लक्ष नको देऊ. निरोपातला आवाज आणि आलेला आवाज जुळला की तो 'मी'. नाही जुळला की परका. या मुलांच्या निरोपात अजून पाचवीतलं पोर बसलंय. सोळाच्या आसपास मेंदू ते दार लावून घेतो. त्याच्या आत टिकली निघायला हवी."

"आणि काढली की?"

"काही महिने गप्प होतील. बहुतेक परत बोलतील. सगळी नाही, हे आधीच सांगते. एकेकट्याची काढली त्यांचा अनुभव वाईट आहे. चार जण मिळून रोज गायले, स्वतःच्या खऱ्या पट्टीत, लांब लांब सूर धरून, ते सावरले. तुमच्यात खर्जाचा रियाज म्हणतात ना? तोच. औषध तुमच्याकडे आहे, माझ्याकडे नाही." मग थांबून म्हणाल्या, "निषाद पंधराचा होईल ना आता? ठरवा लवकर."

मी हो म्हणाले आणि काही ठरवलं नाही. स्पर्धा तोंडावर आहे, हे कारण आयतंच होतं. मुख्याध्यापिकांनाही ते पटलं. खरं कारण मला पुरतं ठाऊक होतं. टिकली काढली की निषाद गप्प होणार, आणि विश्वजित दुसऱ्यांदा गप्प होणार. मुलाच्या आयुष्याचा प्रश्न होता आणि आई वाटाणे सोलत बसली होती.

ढाल आम्हाला मिळाली. मुलांनी मला फुलांचा गुच्छ दिला. मी तो पाण्यात ठेवला.

त्याच आठवड्यातली गोष्ट. मी भाकरी थापत होते. बाहेरचं दार वाजलं आणि पायातले बूट काढत आवाज आला, "आलो गं, फार भूक लागलीय!"

"अहो, दार लावून घ्या, डास येतायत," मी म्हणाले.

भाकरी तव्यावर टाकली. तिला पाणी लावलं. आणि मग माझ्या लक्षात आलं.

निषाद स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा होता. एका पायात बूट होता. "आई," त्याने हळू विचारलं, "तू मला अहो म्हणालीस?"

मी तव्याकडे बघत राहिले.

"आत्या सांगत होती ते खरंय? माझा आवाज फुटलाय? वर्गातली पण सगळी म्हणतात, पण ती सगळ्यांनाच म्हणतात." त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "आई, तुला तरी कळत असेल ना. तू गाण्याची बाई आहेस."

मला लाज वाटली. तीन वर्षांनी काहीतरी वाटलं आणि नेमकी लाजच वाटली. माझं पोर स्वतःला ओळखत नव्हतं आणि मी त्याला भिंतीआडचा रेडिओ करून ठेवलं होतं. भाकरी करपली. मी गॅस बंद केला आणि त्याला सगळं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाल्या तेही. मुलं गप्प होतात हे सांगितलं, आणि काही परत बोलतच नाहीत हेही सांगितलं.

तो बराच वेळ कानामागे बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "मला ऐकायचंय. पण एकट्याला नको."

नववीतल्या सगळ्या पालकांना मी भेटले. बहुतेकांनी नकार दिला. एक बाप म्हणाला, "चाललंय ते बरं चाललंय की बाई, दहावीच्या तोंडावर कशाला हा उद्योग?" त्याचं काय चुकलं? मीही तेच म्हणत आले होते. मूठभर मुलं मिळाली, त्यात दोन मुली. चित्रकलेच्या खोलीत आम्ही सतरंजीवर गोल करून बसलो. मी हेडफोन घरीच ठेवला होता. मुलांनी टिकल्या काढून समोर ठेवल्या, मणी काढले.

कुणी बोलेना. शेवटी निषादने माझ्याकडे बघून तोंड उघडलं. "आई..." एवढंच म्हणाला आणि गर्रकन मागे वळला, पाठीमागे कोण आलंय ते बघायला.

मागे भिंत होती. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

त्या दिवसापासून तो बोलला नाही. मुली आठवड्याभरात कुजबुजू लागल्या, त्यांचे आवाज फारसे उतरले नव्हते. मुलगे मात्र दगडासारखे बसायचे. घरात निषाद खुणा करायचा, नाहीतर फोनवर लिहून दाखवायचा. मी स्वयंपाकघरातून काही विचारणं सोडून दिलं. घरात कुकरच्या शिट्ट्या आणि मिक्सर, एवढेच आवाज उरले. एकदा त्याने टिकली हातात घेतली, माझ्याकडे बघितलं आणि परत डबीत ठेवली. लाव म्हणाले असते तर त्याने लावली असती, आणि मला ते म्हणायचं होतं.

रोज आम्ही चित्रकलेच्या खोलीत बसत होतो. मी तंबोरा काळी एकला लावायचे, पण मंद्रातला सूर माझ्याच गळ्यात नव्हता. बाईचा गळा तिथवर उतरत नाही. मुलग्यांनी कुणाला ऐकून गायचं? तंबोरा गात नाही. शेवटी मी बिराजदार सरांकडे गेले.

"मला गाणं येत नाही हो," ते दचकून म्हणाले.

"माहितेय. यायला नकोच. फक्त एक आवाज धरून बसायचं."

"बेसूर?"

"तुम्हाला जमेल तसा."

सर आले. मांडी घातली, खिशातून रुमाल काढून घाम पुसला, डोळे घट्ट मिटले आणि 'आऽ' केलं. देवाशपथ सांगते, माणसाच्या गळ्यातून असला आवाज मी ऐकलेला नाही. सूर कुठेच नव्हता, पण होता तिथून तो हलेना. सरांचा श्वास संपला, त्यांनी एक डोळा उघडून विचारलं, "लागला का?"

एक मुलगा फिसकन हसला. मग दुसरा. मग निषाद हसला, मोठ्याने, खोलवरून, आणि हसता हसता त्याचा हात गळ्यावर गेला. हसणं आपण ठरवून हसत नाही, म्हणून मेंदू निरोपही धाडत नसावा. तो हात तसाच गळ्यावर ठेवून, थरथर चाचपत तो हसत राहिला.

सर रोज येऊ लागले. ते चुकायचे, पोरं हसायची, आणि सरांपेक्षा वाईट तर आपण गाणार नाही एवढ्या भरवशावर एकेकाने तोंड उघडलं. आधी नुसती घरघर. कुणी वर निसटायचा, कुणी मध्येच फाटायचा, की सगळे हसायचे, तोही हसायचा आणि परत लावायचा. टिकलीने ही पाळी कधी कुणावर येऊच दिली नव्हती. एक मुलगा मात्र शेवटपर्यंत बोलला नाही. त्याच्या आईने त्याची टिकली परत लावली आणि तो घडाघडा बोलायला लागला. मी तिला दोष देत नाही.

निषादही बोलला नव्हता. सूर धरायचा, शब्द नाही. माझ्या आत परत सगळं सामसूम झालं होतं.

एप्रिलमध्ये शाळेला सुट्टी लागली. मुलं मात्र सकाळी चित्रकलेच्या खोलीत जात होती, सर होते, मला जायची गरज उरली नव्हती. मी घरी कैऱ्या किसत बसले होते. बेल वाजली नाही, बाहेरून कुणीतरी हाक मारली, "दार उघड ना, हातात सामान आहे!"

पुरुषाचा आवाज होता. तरुण, जरासा खरबरीत, शेवट तोडून बोलणारा. ओळखीचा वाटला नाही. सोसायटीतला कुणी असेल म्हणून मी किसणी हातात घेऊनच उठले.

"कोण आहे?" मी विचारलं.

"मी आहे, आई."

मी दार उघडलं. निषाद उभा होता, दोन्ही हातांत कलिंगड. त्याच्या चेहऱ्यावर फुशारकी होती, आठवडाभर माझ्यापासून लपवून तयारी केल्यासारखी. "बोललो की नाही?" तो म्हणाला. "सर म्हणाले, घरी जाऊन पहिलं आईला ऐकव."

मी कान देऊन ऐकलं. पुन्हा बोल म्हणाले. तो बोलला, कलिंगडाचं, सरांचं, काहीबाही बोलत राहिला. त्यात विश्वजित कुठेच नव्हता. स्वतःला ऐकत ऐकत या पोराने आपला आवाज घडवला होता. कुठे ओढायचं, कुठे तोडायचं हे त्याने त्याचं ठरवलं होतं. तो जुना आवाज आता कुणाच्याच गळ्यात उरला नव्हता.

माझ्या हातातली किसणी खाली पडली. मी तिथेच उंबऱ्याशी बसले आणि माझ्या पोटातून हुंदका आला, मग दुसरा, मग मला तो थांबवता येईना.

निषादने कलिंगड कसंबसं खाली ठेवलं. "आई, काय झालं? आई!"

"बाबा गेले रे," मी म्हणाले. "निषाद, आपले बाबा गेले."

तो माझ्याशेजारी खाली बसला आणि त्याच्या त्या नव्या आवाजात म्हणाला, "हो आई."